आईबाप वगळून दिलेला आसरा

१९८८ सालची बीबीसीची ती चित्रफीत बहुतेकांनी कधी ना कधी पाहिलेली असते. ‘दॅट्स लाइफ’ नावाच्या कार्यक्रमात निकोलस विन्टन हे वृद्ध गृहस्थ प्रेक्षकांत बसले आहेत. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रागमधून ६६९ मुले ब्रिटनला आणली होती. त्यातली बहुतेक ज्यू होती. पुढे जवळजवळ पन्नास वर्षे या कामाचा गवगवा झाला नाही. सूत्रसंचालिका विचारते, या गृहस्थांमुळे ज्यांचा जीव वाचला असे कोणी इथे आहे का? आणि विन्टन यांच्या आजूबाजूची माणसे उठून उभी राहतात. २०२३ साली आलेला ‘वन लाइफ’ हा चित्रपट प्रेक्षकाला याच क्षणाकडे नेऊन सोडतो. अँथनी हॉपकिन्स यांनी विन्टन यांचा संकोच फार नेमका पकडला आहे. प्रागमध्ये प्रत्यक्ष धोका पत्करून काम करणाऱ्या डोरीन वॉरिनर आणि ट्रेव्हर चॅडविक यांनाही चित्रपट विसरत नाही. डोळे ओले होतात, आणि ते व्हावेत अशीच त्याची रचना आहे.

माझा प्रश्न त्या उभ्या राहिलेल्या माणसांबद्दल आहे. चित्रपटात आपण त्यांना दोनदाच नीट पाहतो: १९३९ साली फलाटावर गळ्यात ओळखचिठ्ठी अडकवलेली मुले म्हणून, आणि १९८८ साली कृतज्ञ प्रौढ म्हणून. मधली एकोणपन्नास वर्षे गाळलेली आहेत. फलाटावर हात हलवणारे आईबापही तिथेच, फलाटावर, संपतात. वाचलेल्या मुलांपैकी बहुतेकांनी आपले आईवडील पुन्हा पाहिले नाहीत. हे वाक्य चित्रपटाच्या शेवटी पांढऱ्या अक्षरांत सांगण्यासारखे नाही. खरी गोष्ट तिथून सुरू होते. ती लिहिली गेली आहे, पण ती लिहिणारे लोक उपकारकर्त्यांच्या नव्हे, उपकृतांच्या बाजूचे आहेत. म्हणून तिचा सूर वेगळा आहे, आणि म्हणूनच बहुधा ती कमी वाचली जाते.

आधी थोडा इतिहास. ९ आणि १० नोव्हेंबर १९३८ च्या रात्री जर्मनी आणि ऑस्ट्रियात ज्यूंची प्रार्थनास्थळे आणि दुकाने जाळली, फोडली गेली. त्यानंतर २१ नोव्हेंबरला ब्रिटिश संसदेत चर्चा झाली, आणि २ डिसेंबरला बर्लिनहून निघालेल्या सुमारे दोनशे मुलांची पहिली तुकडी हार्विच बंदरात उतरली. इतक्या झपाट्याने सरकारी यंत्रणा हलल्याची उदाहरणे फार नाहीत. युद्ध पेटेपर्यंतच्या नऊ महिन्यांत सुमारे दहा हजार मुले आली. ही योजना ‘किंडरट्रान्सपोर्ट’ म्हणून ओळखली जाते. अटी अशा: मूल सतरा वर्षांच्या आतले हवे, सरकारी तिजोरीवर भार पडता कामा नये, मुक्काम तात्पुरता समजायचा, आणि पुढे मुलाला दुसऱ्या देशी पाठवण्याच्या खर्चापोटी माणशी ५० पौंडांची हमी कोणीतरी द्यायची. सर्वांत मोठी अट कागदावर वेगळी लिहायची गरजच नव्हती. आईबाप येणार नाहीत. गृहमंत्री सॅम्युएल होअर यांनी संसदेला सांगितले की, जर्मनीतले ज्यू आईबाप मुलांपासून दूर व्हायला जवळजवळ एकमुखाने तयार आहेत असे त्यांच्या कानावर आले आहे. ‘तयार आहेत’ हे क्रियापद वाचताना थांबावे लागते. ज्याच्या घराला आग लागली आहे तो पोराला खिडकीतून खाली झेलणाऱ्याच्या हातात टाकायला ‘तयार’ असतोच. जिना लावणार नाही, हे आधी खालच्याने ठरवलेले असते.

याला एक रास्त आक्षेप आहे. मोठ्यांनाही घ्या असा हट्ट धरला असता तर बेकारीच्या त्या काळात मुलांसाठीसुद्धा दार उघडले नसते. हे खरे असू शकेल. अमेरिकेत १९३९ साली वीस हजार मुलांना प्रवेश देणारे विधेयक मांडले गेले आणि तेही मंजुरीपर्यंत पोचले नाही. पण ही सबब राजकारणाची आहे. साहित्याने आणि चित्रपटाने तीच सबब पुढे चालवून किंमत झाकायची काहीच गरज नाही.

ती किंमत सर्वांत स्वच्छ शब्दांत मांडणारे पुस्तक म्हणजे लोर सेगल यांचे ‘अदर पीपल्स हाउसेस’. दुसऱ्यांची घरे. १९६४ साली ते पुस्तकरूपाने आले. त्याआधी त्यातला मजकूर ‘न्यूयॉर्कर’मध्ये छापून आला होता. सेगल व्हिएन्नाच्या. डिसेंबर १९३८ मध्ये तिथून निघालेल्या पहिल्या गाडीत ही दहा वर्षांची मुलगी होती. २०२४ साली वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी त्या न्यूयॉर्कमध्ये वारल्या.

आपल्याकडे या शीर्षकाचा अर्थ समजावून सांगावा लागू नये. वार लावून जेवलेल्या मुलांच्या पिढ्या आपल्याकडे होऊन गेल्या. सोमवारी अमक्यांकडे, मंगळवारी तमक्यांकडे. कोणत्या घरी वाढणारीचा हात दुसऱ्या भाकरीला थबकतो हे त्या मुलाला वारांच्या नावांसारखे पाठ असे. त्या अवस्थेला मराठीत एक शब्द आहे, मिंधेपणा. कृतज्ञता आणि मिंधेपणा यांत फरक आहे: कृतज्ञता आपली आपण वाटते, मिंधेपणा दुसऱ्याच्या नजरेतून अंगावर येतो. सेगल यांचे सबंध पुस्तक या दुसऱ्या भावनेचे पुस्तक आहे, असे मला वाटते. इंग्रजी समीक्षा त्यातल्या उपरोधाची तारीफ करते. ती योग्यच आहे, पण उपरोध ही तिथे शैली नाही. तो मिंध्या माणसाचा ताठ कणा आहे.

पुस्तकातला सॉसेजचा प्रसंग प्रसिद्ध आहे. निघण्याआधी मुलीने आईकडे एका खास सॉसेजचा हट्ट धरलेला असतो, आणि आईने धावपळ करून ते आणून दिलेले असते. प्रवासात ते तिच्याने खाववत नाही. डोव्हरकोर्टच्या छावणीत, म्हणजे उन्हाळी सुटीसाठी बांधलेल्या आणि डिसेंबरच्या थंडीत कुडकुडणाऱ्या खोपटांत, ते पिशवीत कुजू लागते. वास सुटतो. खाता येत नाही, टाकताही येत नाही, कारण ते आईने दिलेले आहे. दुसरा कोणी लेखक असता तर इथे आईच्या आठवणीने मुलीला रडवले असते. सेगल रडवत नाहीत. त्या त्या वासाची लाज लिहितात. दहा वर्षांच्या मुलाला विरह हा शब्द ठाऊक नसतो, पण आपल्या पिशवीतून घाण येते आहे आणि ते सगळ्यांना कळणार आहे ही भीती त्याला पक्की ठाऊक असते.

याच छावणीत ती नातेवाइकांना पत्र लिहायला बसते. आईवडिलांना सोडवायचे आहे, तेव्हा पत्र परिणामकारक हवे. खिडकीबाहेर बर्फात गुलाब दिसतो, आणि ती तो पत्रात वापरते. आपण दुःखाची सजावट करतो आहोत हे त्या वयातही तिला कळते, आणि ती सजावट उपयोगी पडते. पत्र फिरत फिरत निर्वासित समितीपर्यंत जाते आणि आईवडिलांना घरकामाच्या परवान्यावर ब्रिटनमध्ये यायला मिळते. मार्च १९३९ मध्ये, तिच्या अकराव्या वाढदिवसाला ते येऊन पोचतात. लेखिका इथे जन्मली असे म्हणायचा मोह होतो. मला मात्र या प्रसंगात दुसरेच दिसते. दहा वर्षांच्या पोरीवर आईबापांचा जीव वाचवण्याची जबाबदारी आहे आणि तिने ती पार पाडली आहे. आता ती त्यांची मुलगी कशी राहणार?

आणि ती राहत नाही. घरकामाचा परवाना हा मोठ्या माणसांसाठी उघडा असलेला थोड्या वाटांपैकी एक होता. सुमारे वीस हजार निर्वासित, बहुतांशी बायका, त्या वाटेने ब्रिटनमध्ये शिरल्या. वडील व्हिएन्नातल्या बँकेत हिशेबनीस होते, आई पियानो शिकलेली. इंग्लंडमध्ये ते नोकर जोडपे झाले: ती स्वयंपाकीण, तो पडेल ते वरकाम करणारा. नोकरांना मालकाच्या घरात स्वतःचे मूल ठेवता येत नाही. म्हणजे आईबाप त्याच देशात आहेत, पण मुलगी दुसऱ्यांच्याच घरी. एकामागून एक पाच घरे ती बदलते. कोणी वाईट नाही. कोणी प्रेमळ, कोणी विक्षिप्त, कोणी धर्मभोळे. सेगल त्या माणसांवरही अन्याय करत नाहीत. हे मूल गोड नव्हते, हट्टी होते, आगाऊ होते, आसरा देणाऱ्यांना त्याचा त्रासच झाला असेल, हे त्या मोकळेपणाने लिहितात. १९४० मध्ये वडिलांना ‘शत्रूराष्ट्राचे नागरिक’ म्हणून स्थानबद्ध केले गेले. ज्यांच्यापासून ते पळून आले होते त्यांचेच नागरिक म्हणून. पुढे पक्षाघाताचे झटके, परावलंबन, आणि युद्ध संपता संपता मृत्यू. वडिलांच्या आजारपणाची मुलीला कीव येत नाही, चीड येते. पुस्तकातली ही पाने वाचायला सर्वांत जड आहेत. नाझींनी जे केले ते सगळ्यांना माहीत असते. सुरक्षित जागी पोचल्यावर एका घराच्या आत काय मोडते, ते या पानांत आहे.

इथे थोडे विषयांतर. पॅडिंग्टन नावाचे अस्वल आपल्याकडच्या मुलांनाही आता चित्रपटांमुळे माहीत आहे. मायकेल बॉन्ड यांनी १९५८ साली ते निर्माण केले तेव्हा स्टेशनांवर गळ्यात चिठ्ठ्या अडकवून उभी असलेली युद्धकाळातली मुले त्यांच्या डोळ्यांसमोर होती, असे त्यांनीच सांगितले आहे. अस्वल गोड आहे, यात वादच नाही. पण ते काय करते पाहा: टोपी काढून नमस्कार करते, चुका करते त्या निरागस असतात, आणि ज्या घरी राहते त्या घरावर त्याचा जीव असतो. त्याची म्हातारी लूसी मावशी दूर पेरूत वृद्धाश्रमात आहे आणि तिचे तिथे बरे चालले आहे. आसरा देणाऱ्या समाजाला असा निर्वासित हवा असतो. सेगल यांची मुलगी म्हणजे या अस्वलाची उलटी बाजू.

डायेन सॅम्युएल्स यांच्या ‘किंडरट्रान्सपोर्ट’ या १९९३ च्या नाटकात हीच उलटी बाजू टोकाला जाते. जर्मनीहून आलेली एव्हा मँचेस्टरमध्ये लिल या साध्या, मायाळू बाईकडे वाढते आणि एव्हलिन होते. युद्धानंतर खरी आई छळछावणीतून जिवंत परत येते आणि मुलीला न्यायला उभी राहते. मुलगी जायला नकार देते. नाटककर्तीने तिन्ही बायकांपैकी कोणालाही खलनायिका केलेले नाही, आणि त्यामुळे प्रेक्षकाला राग काढायला जागा उरत नाही. मुलगी नव्या देशात उत्तम ‘स्थिरावली’ आहे. स्थिरावणे म्हणजे काय, हे नाटक विचारते. सेबाल्ड यांच्या ‘ऑस्टरलिट्झ’मध्ये प्रागचा मुलगा वेल्समधल्या एका धर्मोपदेशकाच्या घरी दुसऱ्याच नावाने मोठा होतो आणि आपण कोण हे शोधायला त्याला उतारवय गाठावे लागते. त्या कादंबरीवर भरपूर लिहिले गेले आहे. मला ती थोडी धुक्याच्या प्रेमात पडलेली वाटते. सेगल यांच्या कुजलेल्या सॉसेजसमोर सेबाल्ड यांची धूसर छायाचित्रे मला फिकी वाटतात.

तर मग कुटुंब एकत्र राहिले की प्रश्न सुटतो? तसे म्हणून मोकळे होता आले असते, पण जुडिथ कर यांची तीन पुस्तके आडवी येतात. ‘व्हेन हिटलर स्टोल पिंक रॅबिट’ हे १९७१ चे पुस्तक जगभर वाचले जाते. जर्मनीत त्याला बालसाहित्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि ते शाळांतून शिकवले जाते. बर्लिनचे गाजलेले नाट्यसमीक्षक आल्फ्रेड कर हे लेखिकेचे वडील. १९३३ मध्ये हे कुटुंब वेळीच निसटले: आधी स्वित्झर्लंड, मग पॅरिस, मग १९३६ मध्ये लंडन. पुस्तकातल्या ॲनाला निर्वासितपणा जवळजवळ सहलीसारखा वाटतो, कारण चौघे एकत्र आहेत. आईबापांपासून वेगळे राहावे लागले तरच आपण खरे निर्वासित होऊ, असे तिला वाटते. फ्रेंच भाषा बरेच दिवस दगडासारखी जड राहते आणि एके दिवशी आपसूक तोंडातून वाहू लागते. भाषा येण्याचे इतके अचूक वर्णन मी क्वचित वाचले आहे. जिने वा ज्याने खेड्यातून येऊन शहरातल्या शाळेत प्रमाण मराठी शिकली असेल त्याला तो दिवस आठवेल.

पण शाळेत शिकवले जाते ते पहिले पुस्तक. ‘वन लाइफ’ जसा स्टुडिओत थांबतो तसा बहुतेक वाचक इथे थांबतो. चार वर्षांनी आलेल्या दुसऱ्या पुस्तकात लंडनमधले स्वस्त हॉटेल आहे, निर्वासितांनी भरलेले. मुले इंग्रजी बोलू लागली आहेत, स्वप्नेही इंग्रजीत पाहू लागली आहेत. वडील मात्र जर्मन भाषेचे लेखक आहेत, आणि ज्या भाषेत लिहायचे ती भाषा शत्रूची झाली आहे. लिहिलेले छापायला कोणी नाही. कुटुंब पॅरिसहून लंडनला येऊ शकले तेही नेपोलियनच्या आईवर वडिलांनी लिहिलेली पटकथा विकली गेली म्हणून. तसे पुन्हा घडत नाही. संसार आई मिळेल ती कारकुनी करून ओढते. मुलगी बापाच्या खोलीत जाते तेव्हा तो मोठा माणूस टेबलाशी बसलेला असतो आणि तिच्या लक्षात येते की आता घराबाहेरच्या जगाशी बोलणारी आपण आहोत. फोन तिने घ्यायचा, अर्ज तिने वाचायचा. तिसऱ्या पुस्तकात, १९५६ साली, आईने बर्लिनमध्ये आत्महत्येचा प्रयत्न केला आहे आणि लंडनमध्ये सुखाने संसार करणाऱ्या ॲनाला पुन्हा त्या शहरात जावे लागते.

बाहेरून पाहिले तर हे यशस्वी पुनर्वसन आहे. मुलगी नामांकित लेखिका आणि चित्रकार झाली. भाऊ मायकेल, ज्याला विद्यार्थी असताना स्थानबद्ध केले होते, तो इंग्लंडच्या अपील न्यायालयाचा न्यायाधीश झाला. निर्वासितांच्या यशाच्या याद्या करणाऱ्यांना अशी उदाहरणे आवडतात. तिन्ही पुस्तके एकत्र वाचली की कळते, मुले ज्या मातीत रुजली त्याच मातीत आईबाप सुकत होते, आणि मुलांना ते रोज दिसत होते. मुलाला शाळा मिळाली, भाषा मिळाली; बापाला काम मिळाले नाही. या दोन गोष्टींची नोंद वेगवेगळ्या वह्यांत होते, पण राहतात त्या एकाच खोलीत.

कथाकादंबऱ्यांतून निघणारे हे निष्कर्ष कल्पनेचे खेळ नाहीत. युद्धकाळात लंडनच्या हॅम्पस्टेड भागात लहान मुलांसाठी निवासी केंद्रे चालवणाऱ्या ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांनी १९४३ च्या सुमारास जे लिहिले त्याने तेव्हाच्या समजुतीला धक्का दिला. बॉम्ब पडत असताना आईजवळ असलेली मुले जितकी शांत राहत, तितकी सुरक्षित खेड्यात एकटी पाठवलेली मुले राहत नसत. ॲना फ्रॉइड स्वतः १९३८ साली व्हिएन्नाहून आलेल्या निर्वासित होत्या, हे इथे विसरू नये. युद्धानंतर त्यांनी सोफी डान यांच्याबरोबर लिहिलेला एक निबंध तर कादंबरीइतका ताकदीचा आहे. तेरेझिनच्या छावणीतून आलेली सहा मुले, तीन-चार वर्षांची, आईबाप सगळ्यांचेच मारले गेलेले. १९४५ च्या ऑक्टोबरात त्यांना ससेक्समधल्या एका घरी ठेवले. खेळणी त्यांनी मोडली, मोठ्यांना चावले, बोचकारले. पण एकमेकांना सोडत नसत. एकाला खाऊ मिळाला की दुसऱ्याचा कुठे आहे याची त्यांना आधी चौकशी. ज्यांनी या सहांना वेगवेगळ्या घरी न पाठवता एकत्र ठेवायचे ठरवले, त्यांनी एक साधी गोष्ट ओळखली होती: या मुलांना कुटुंब नव्हते असे नाही, त्यांनी ते आपसांत उभारले होते. मदत करणाऱ्याने ते मोडायचे नव्हते, इतकेच.

आता कोल्हापूर. ज्या काळात आईबापांविना दहा हजार मुले इंग्लंडमध्ये वाढत होती त्याच काळात आपल्या दाराशी निर्वासितांची दुसरी वसाहत उभी राहिली. १९४० आणि ४१ मध्ये सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधून लाखो माणसे सैबेरिया आणि मध्य आशियात नेऊन टाकली. जर्मनीने रशियावर हल्ला केल्यावर त्यांना मोकळीक मिळाली आणि त्यांतले बरेच १९४२ मध्ये जनरल अँडर्स यांच्या सैन्याबरोबर इराणात उतरले. तिथून काही हजार बायका-मुले हिंदुस्थानात आली. जामनगरजवळ बालाचडीला मुलांची छावणी झाली. १९४३ पासून कोल्हापूरजवळ वळिवड्याला मोठी वसाहत झाली. तिथे सुमारे पाच हजार लोक राहिले. पाचगणीलाही काहींची प्रकृती सुधारण्यासाठी सोय होती.

वळिवड्याची आठवण आपण अलीकडे पुष्कळ काढतो. कोल्हापुरात स्मृतिस्तंभ आहे, वॉर्सॉत कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तिथे पुष्पचक्र वाहिले. जे लेख छापून येतात त्यांचा साचा ‘वन लाइफ’चाच असतो: उदार राजा, निरागस गोरी मुले, साश्रू कृतज्ञता. बालाचडीच्या बाबतीत जामसाहेब दिग्विजयसिंह यांचा वैयक्तिक पुढाकार निर्विवाद आहे. पण वळिवड्याचे श्रेय ‘महाराजांनी’ या एका शब्दात गुंडाळणाऱ्यांनी इतिहास तरी पाहावा. १९४३ साली कोल्हापूरच्या गादीवर अल्पवयीन राजा होता आणि कारभार रीजन्सीकडे होता. छावणीची व्यवस्था हिंदुस्थान सरकारच्या निर्वासित अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली होती, आणि खर्चाचा भार लंडनमधल्या पोलिश निर्वासित सरकारच्या खात्यावर टाकला जात असे. मुंबईतल्या पोलिश वकिलातीने आणि विशेषतः किरा बानासिन्स्का यांनी केलेल्या धडपडीला या लेखांत ओझरती जागा मिळते.

कोल्हापूरकरांचा चांगुलपणा मी नाकारत नाही. त्या वसाहतीत वाढलेल्यांनी पुढे लंडनमध्ये मंडळ काढले, आठवणींचा जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला आणि म्हातारपणी पुन्हा पुन्हा इथे येत राहिले. त्यांच्या आठवणींत साप आहेत, उकाडा आहे, पंचगंगा आहे, स्काउटचे मेळावे आहेत. सेगल यांच्या पुस्तकातला मिंधेपणा मात्र जवळजवळ नाही. याचे कारण आपल्याला आवडणारे उत्तर देऊन टाळता येणार नाही. कारण व्यवस्थेत आहे. वळिवड्याला मूल कोणाच्या घरी नव्हते. बहुतेकांची आई, मावशी किंवा थोरली बहीण बरोबर होती. बराकीतला आपला भाग, आपली चूल, आपला छोटा व्हरांडा होता. शिक्षिका पोलिश, शाळा पोलिश, चर्च पोलिश, नाटके पोलिश. आई नोकरी करे ती आपल्याच लोकांच्या दवाखान्यात, स्वयंपाकघरात, शाळेत. वडील सैन्यात होते किंवा वारले होते, पण घरातला मोठा माणूस मोठाच राहिला होता. फोन उचलायला, अर्ज वाचायला मुलाला पुढे व्हावे लागत नव्हते.

अर्थात ही तुलना ताणू नये. वळिवड्याची माणसे इथे स्थायिक व्हायला आली नव्हती. युद्ध संपले की घरी जायचे, याच आशेवर ती शाळा चालत होती. जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने लंडनमधल्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली आणि परतायचे घरच नकाशावरून सरकले. त्यांची गावे आता सोव्हिएत हद्दीत होती. कोल्हापूरशी त्यांचा संबंध बाजारहाटापुरता आणि थोड्या मैत्रींपुरता राहिला. काही मुली इथे लग्न करून राहिल्या, बाकीच्यांना मराठी येण्याचे कारणही नव्हते. नव्या देशात रुजण्याची खरी परीक्षा त्यांना इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडात द्यावी लागली. त्यातही एक फरक नोंदवण्याजोगा आहे. १९४७ साली ब्रिटनने पोलिश सैनिकांच्या पुनर्वसनाचा कायदा केला आणि सैनिकांच्या कुटुंबांना येऊ दिले. वळिवड्याच्या कित्येक मुलांनी आपला बाप वर्षांनंतर पाहिला तो तिथे, लष्कराने सोडलेल्या अर्धगोल पत्र्याच्या झोपड्यांत. म्हणजे कुटुंबाला एकत्र घेणे ब्रिटनला अशक्य नव्हते. बापांनी ब्रिटनसाठी लढून ते मिळवले होते. १९३८ च्या बापांकडे तसे काही द्यायला नव्हते.

वळिवड्याच्या बराकी रिकाम्या राहिल्या नाहीत. पोलिश लोक गेले आणि सिंधमधून आलेली कुटुंबे तिथे राहिली. आजचे गांधीनगर ते हेच. आमच्या भागात लग्न ठरले की बस्ता बांधायला गांधीनगर गाठायचे ही रीत आहे. पण ज्या जागेवर हा कापडबाजार उभा आहे तिच्या पोलिश बिऱ्हाडांवर आपण स्तंभ उभारले आणि सिंधी बिऱ्हाडांवर काही नाही. कारण उघड आहे. सिंधी माणसाने इथे दुकान टाकले, स्पर्धा केली, भाव पाडला, मराठी शिकला, शेजारी झाला. तो परत गेला नाही. परत गेलेल्या पाहुण्याचे आभार ऐकायला गोड लागतात. राहिलेल्याला आपण दोन-तीन पिढ्या ‘निर्वासित’ म्हणत राहिलो, आणि तोही आभार मानायला थांबला नाही, कारण त्याने बापाच्या हाताला काम लावण्यात ती वर्षे घालवली. या वस्तीवर मराठीत सेगल यांच्यासारखे पुस्तक अजून माझ्या वाचनात आलेले नाही. ते सिंधी घरातूनच यायला हवे. कोल्हापूरकराने लिहिले तर पुन्हा स्तंभच होईल.

विन्टन यांनी आणलेल्या मुलांमध्ये आल्फ डब्स नावाचा सहा वर्षांचा मुलगा होता. त्याचे वडील आधीच प्रागहून निसटून लंडनला पोचले होते आणि स्टेशनवर त्याला घ्यायला आले होते. आईही युद्धाआधी येऊ शकली. त्या गाडीतल्या फार थोड्यांच्या वाट्याला हे आले. पुढे ते मजूर पक्षाचे खासदार आणि नंतर उमराव सभेचे सदस्य झाले. २०१६ मध्ये युरोपात अडकलेल्या एकट्या निर्वासित मुलांना ब्रिटनमध्ये घ्यावे यासाठी त्यांनी कायद्यात दुरुस्ती आणली. तीन हजार मुलांची अपेक्षा होती. सरकारने आकडा ४८० वर थांबवला. वृत्तपत्रांनी तेव्हा किंडरट्रान्सपोर्टची छायाचित्रे पुन्हा छापली. त्या दुरुस्तीतही शब्द होता ‘एकटी मुले’. ब्रिटनच्या नियमांत निर्वासित म्हणून मान्यता मिळालेला प्रौढ माणूस आपल्या मुलांना बोलावून घेण्याची तरतूद दीर्घकाळ होती. एकट्याने येऊन तीच मान्यता मिळवलेल्या मुलाला आपले आईबाप बोलावण्याची तरतूद मात्र नव्हती.